रिकाम्या खोलीची ऊब

ए, हसू नका हं, आधी ऐका! मुखो बंदराच्या वरच्या टेकडीवरचं ओक-बुन आजींचं घर. दारात माकूळ वाळत घातलेले. माझं काम तुम्हाला माहितीये, घरातली ऊब कुठे वाया जाते ते शोधायचं. माझा अहवाल नीट गेला तरच त्यांना सरकारी योजनेतून नव्या खिडक्या मिळणार होत्या. आणि आजी तर अक्षरशः गारठत होत्या! कारण जमिनीखालच्या नळ्यांतलं गरम पाणी जवळजवळ सगळं मागच्या रिकाम्या खोलीत जात होतं.

"मामंजी समुद्रात गेले ते परतलेच नाहीत, त्याला तेरा वर्षं झाली," त्यांची सून मि-सन कुजबुजली. "तरी त्यांच्या खोलीचे लाड चालूच. स्वतः कुडकुडतील, पण ऐकतील तर शपथ! तूच सांग गं."

मी सांगितलं. न वापरत्या खोलीचा कॉक बंद करा, हे आम्ही घरोघर सांगतो.

"ती खोली गार करू नकोस, पोरी," आजी म्हणाल्या.

"अहो आजी, अशानं तुम्हीच गार पडाल!"

"म्हणूनच म्हणतेय."

मला वाटलं, म्हातारीचा हट्ट. मि-सननं डोळ्यानं खुणावलं, मी स्वयंपाकघरात सिंकखाली वाकले आणि गुपचूप कॉक फिरवला.

जमीन निवायला दोन तास लागतात. तोवर आम्ही भाजलेली रताळी खाल्ली, वर मुळ्याच्या किमचीचं गार पाणी. बाहेर बर्फ भुरभुरत होता. घरात असा दुधाळ उजेड, की आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळेना.

मग मी ऊब टिपणारा कॅमेरा काढला. गरम ते केशरी, गार ते निळं. मागची खोली छान निळी झालेली. फक्त मधोमध एक केशरी पट्टा, कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा.

नळी फुटली असेल म्हणून जमिनीला हात लावला. कोरडी होती. पुन्हा कॅमेऱ्यात पाहिलं तर पट्टा आखूड झालेला. उठून बसल्यासारखा.

मग दाराकडे एक पाऊल उमटलं. केशरी.

मग दुसरं.

माझ्या शेजारून गेलं, तेव्हा पोटरीला ऊब लागली.

मी धावत जाऊन कॉक उघडला. पाणी खळखळत गेलं. पण जमीन तापायलाही दोन तासच लागतात ना!

"आजी, चुकलं माझं, मी..."

"असू दे, पोरी." आजी अंथरुणावर थोड्या सरकल्या, शेजारी जागा केली. गोधडीचं टोक उचललं. "आलात? या. पाय किती दुखले असतील. काही खाल्लंत का?"

बोलतच होत्या, हसत होत्या. मी कॅमेरा वर केला.

गोधडीखाली, त्यांनी केलेल्या जागेत, लखलखीत केशरी.

आणि आजी भिंतीइतक्या निळ्या.