गाडी बसेपर्यंत

नोएमी आणि तेयोची पहिली भेट स्प्रिंग दाबायच्या शिकंज्यावरून झाली. सुट्या भागांच्या दुकानात हा शिकंजा अनामत ठेवून फुकट वापरायला मिळतो, आणि गावात तो एकच. गाव टेक्सासच्या दक्षिण टोकाला, नदीच्या अलीकडे. तिथे आखूड स्प्रिंगा बसवून गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली घेणं आणि हळूहळू फिरवणं हा पुरुषांचा धर्म आहे आणि नोकरी हा अधूनमधून येणारा सण. नोएमीनं शिकंजा मागितला तेव्हा तेयो तो परतच करत होता. दोघेही ग्रीसनं माखलेले होते – तेयो आणि शिकंजा.

‘‘गाडी खाली कोण घेणार? तुमचा नवरा?’’ तेयोनं विचारलं.

‘‘नवरा मिळेपर्यंत आईचे गुडघे थांबणार नाहीत.’’

‘‘दाबलेली स्प्रिंग सुटली ना, तर जबडा घेऊन जाते. सोबत कुणीतरी लागतं.’’

‘‘म्हणजे तुम्ही?’’

‘‘माझा जबडा तसाही फारसा उपयोगात नाही…’’ तो म्हणाला, आणि हसला. जबडा चांगला होता, हे नोएमीनं मनातल्या मनात नोंदवलं आणि विषय बदलला.

गाडी वडिलांची होती – जुनी, पांढरी सबर्बन, एका वेळी सबंध लग्नघर मावेल एवढी. वडील गेले, गाडी राहिली. आई, म्हणजे गावाच्या तोंडी दोन्या लाला, लालाबाई, ती विकू देत नव्हती आणि तिच्यात चढूही शकत नव्हती. दर रविवारी चर्चला जाताना प्लास्टिकच्या स्टुलावर उभं राहून, लेकीच्या खांद्याला लोंबकळून ती आत शिरायची आणि त्यानंतर तासभर देवाशी अबोला धरायची. सगळं गाव दिमाखासाठी गाड्या खाली घेत होतं. गुडघ्यांसाठी घेणारी नोएमी पहिलीच.

शनिवारी तेयो आला. गाडी लोखंडी घोड्यांवर चढली, चाकं निघाली, आणि कुंपणाला टेकून शेजारचे पुरुष बिअरसह सल्ला द्यायला उभे राहिले. एवढीशी खाली घेणं म्हणजे गाडीचा अपमान आहे, यावर त्यांचं एकमत होतं. तेयोनं त्यांना सांगितलं, की गाडी दोन्या लालांच्या गुडघ्याच्या मापानं बेतलीय, तक्रार गुडघ्याकडे करा. जुनी स्प्रिंग निघाली, नवी आखूड चढली. पाना देता-घेता बोटांना बोटं लागली… दोघांनीही दोष ग्रीसला दिला. अरे-तुरे कधी सुरू झालं, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

महिनाअखेर तेलविहिरींवर कामाला जायचंय, कंपनीची व्हॅन न्यायला येणार आहे, हे तेयोनं गाडीखाली पाठीवर पडूनच सांगितलं. त्यामुळे नोएमीला फक्त त्याचे बूट दिसले. बुटांवर काहीच भाव नव्हता.

‘‘पण नवी स्प्रिंग आधी वजनानं दबून बसावी लागते,’’ बूट पुढे म्हणाले. ‘‘गाडी फिरवत राहा. बसली की चाकांचा कोन जुळवून देईन. तोवर मी कुठे जात नाही.’’

दुसऱ्या दिवसापासून नोएमीनं गाडी फिरवणं बंद केलं.

शाळेच्या भोजनगृहातल्या कामावर ती उन्हातून पायी जाऊ लागली. चर्चला शेजाऱ्यांच्या गाडीतून. संध्याकाळी तेयो टेप घेऊन यायचा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्यायचा आणि गंभीरपणे मान हलवायचा.

‘‘अजून बसली नाही.’’

‘‘हट्टी आहे,’’ नोएमी म्हणायची.

‘‘मालकिणीवर गेलीय…’’

मग दोघं मागचं दार उघडून पाय खाली सोडून बसायची. आता पाय जमिनीला टेकत होते. झाडांवर किडे किर्र करायचे, तो तिच्या वेणीतलं गवत काढायचा, आणि महिना संपत चालला होता.

दोन्या लाला मात्र रोज दुपारी गाडीत जाऊन बसत होती. स्टुलाशिवाय चढता येतं याचं तिला फार कौतुक. एका संध्याकाळी पुढच्या सीटवरूनच ती बोलली.

‘‘माझं वजन काय आहे ते देवाला ठाऊक. ते घेऊन मी रोज हिच्यात बसते. स्प्रिंग पहिल्याच आठवड्यात बसली. पोरा, तुला कळलंय. आणि माझ्या लेकीलाही.’’

तेयोनं टेप गुंडाळली. नोएमीकडे न बघता तो म्हणाला, ‘‘हो. मला जायचं नाहीये. तिच्यामुळे.’’

नोएमीला हेच ऐकायचं होतं.

‘‘माझा नवराही असाच कामासाठी बाहेर निघाला होता,’’ दोन्या लाला म्हणाली. ‘‘मी रडून थांबवला. थांबला… आणि मरेपर्यंत याच अंगणात बसून फाटकाकडे बघत राहिला. एका शब्दानं भांडला नाही माझ्याशी. भांडला असता तर बरं झालं असतं.’’

नोएमीला वडिलांची फक्त पाठच नीट आठवत होती. कारण आता कळलं.

गावात काम नव्हतं, होणारही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला चाकांचा कोन जुळवायला लावला. तो हळूहळू करत राहिला, आणि ती शेजारी उभी राहून पाना हातात देत राहिली.

व्हॅन येणार त्या सकाळी तेयो मुद्दाम उशिरा आला. त्याची पिशवी नोएमीनंच गाडीत टाकली. व्हॅन गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कारखान्यापाशी थांबणार होती आणि वाटेत गतिरोधकच गतिरोधक. खाली घेतलेली गाडी त्यांच्यावरून तिरकी न्यायची, मुंगीच्या चालीनं. तेवढ्या वेळात व्हॅन निघून जाईल, असा तेयोचा हिशोब होता, म्हणून तो निवांत होता.

नोएमीनं पहिला गतिरोधक सरळ घेतला. पोटाखालून असा करकरीत आवाज आला, की तेयोनं सीट धरली.

‘‘वेडी झालीस? हळू.’’

‘‘व्हॅन चुकेल.’’

‘‘चुकू दे, नोएमी.’’

तिनं दुसराही सरळ घेतला. तिसऱ्यावर खालचं काहीतरी तुटून रस्त्यात पडलं. डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला पुढचा रस्ता धड दिसत नव्हता, पण वेग काही ती कमी करत नव्हती.

‘‘मी परत येईन,’’ तो म्हणाला. ‘‘तू थांबशील?’’

‘‘फाटकाकडे बघत बसणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्यानं होत नाही ते… पण आवडतोस तू मला. फार. आता उतर.’’

व्हॅन उभी होती.