रविवारचं पाणी

उमरेडची एसटी फाट्यावर थांबली आणि गोरी माणसं उतरायला लागली, तेव्हा जयवंताच्या डोक्यावर विटा होत्या. त्या खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. गुलाबी कान, गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या, गळ्यात कॅमेरे! चौऱ्याहत्तरचा जानेवारी होता तो. येशूच्या नावानं गावाला दवाखाना बांधून द्यायला ही मंडळी एका पाद्री साहेबाबरोबर इंग्लंडातून आली होती. सगळ्यांच्या शेवटी एक सावळा पोरगा उतरला. दोन्ही खांद्यांवर दुसऱ्यांच्या पिशव्या, हातात भली मोठी ट्रंक.

"ए हमालभाऊ!" जयवंता ओरडली, "तिथं नको ठेवू, चुना हाय! निंबाखाली ठेव."

त्यानं मुकाट्यानं ट्रंक निंबाखाली नेली. मग घाम पुसत म्हणाला, "ठेवली. आता पाणी पाजते का वं, बाई?"

तिची नजर त्याच्या पायांकडे गेली. चांगले चामड्याचे बूट... असले बूट घालून हमाली कोण करतं?

"तू... त्यांच्यातला हाय?"

"हो. याकोब नाव माहं."

"मंग त्यांचं सामान काहून वाहून राहिला?"

याकोब हसला. पण ते हसू जरा उशिरा आलं. "विमानात बसल्यापासून मीबी मले हेच विचारून राहिलो."

"अगं माय... हा तं माह्या आजीवानी बोलते!"

बोलणारच. त्याचा बाप नागपूरचा, रेल्वेत कारकुनी करायला नैरोबीला गेला. तिथून सगळे इंग्लंडात. आईनं भाकरी थापता थापता पोराला आपली भाषा दिली, तीही गाव सोडताना होती तशीच. आता ती आई नव्हती. तिचं गाव कसं असेल, ते बघायला पोरगा या मंडळींबरोबर निघाला होता. जयवंतानं विटा उतरवल्या, माठातलं पाणी दिलं. तो गटागटा प्यायला आणि रिकामा गडवा हातात धरून बराच वेळ उभा राहिला.

काम सुरू झालं. स्पष्टच सांगायचं, तर काम जयवंताचा बाप कवडू मिस्त्री आणि गावच्या बाया करत होत्या. पाहुणे दोन विटा उचलायचे आणि चार फोटो काढायचे. याकोबाचा फोटो कुणी काढत नव्हतं. तो गावच्याच माणसांत जमा होता.

रविवारी पाहुणे धुतलेले शर्ट घालून नागपूरला चर्चमध्ये जायचे. सुटीचा वार. पण नव्या भिंतीला सुटी कळत नाही. दिवसातून दोन वेळा पाणी नाही मारलं, तर ती तडकते. ते काम जयवंताचं. पहिल्याच रविवारी भर दुपारी याकोब परत आला. प्रार्थनेचा पांढरा शर्ट तसाच, हातात बादली.

"आज तुह्या सुटीचा वार ना गा?"

"माहा हाय. भिंतीचा नाई."

त्यानं बादली उचलून धाडकन भिंतीवर रिकामी केली.

"अरे, असं नाई फेकत! होळी खेळून राहिला का?"

"होळी म्या कधी पाह्यलीच नाई."

जयवंतानं गडवा भरला आणि सरळ त्याच्या पांढऱ्या शर्टावर ओतला. "घे. पाह्यली."

पुढचे सगळे रविवार असेच ओले गेले. भिंत चढत होती, आणि दोघांचं बोलणं मात्र कमी होत होतं. नुसतं बघणं वाढलं होतं...

मग एका दुपारी याकोब भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "साहेबाले सांगतलं म्या. आपलं. साहेब म्हणते, लग्न कर... पण पोरीनं आधी बाप्तिस्मा घ्यावा."

जयवंतानं बादली खाली ठेवली.

"माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवा मी त्याच्या खांद्यावर बसून होती. कोणापुढं मान वाकवायची नाई म्हणून घेतली त्यानं. आता नवऱ्यासाठी मी वाकवू? साहेबाचं ऐकलं. तू काय म्हणतं, ते सांग."

याकोबानं पुन्हा भिंतीवर पाणी मारायला घेतलं.

गप्प बसणारा पुरुष प्रेमात कितीही बुडालेला असो, कामाचा नसतो. जयवंता एवढंच म्हणाली, "रविवारी परतीची बस हाय तुमची. जाय."

त्या आठवड्यात दवाखान्याचा स्लॅब ओतला. वर मातीचे वरंबे घालून आळी केली, त्यांत पाणी भरून ठेवायचं होतं. रविवारी सकाळी बसचा भोंगा वाजला. गाव निरोप द्यायला धावलं. जयवंता चुलीपुढून उठली नाही. धूर गेला म्हणून डोळे पुसत राहिली... चूल तर केव्हाची विझली होती.

दुपारी ती बादली घेऊन निघाली. एवढ्या उन्हात स्लॅब कोरडा ठणठणीत पडला असणार. शिडी चढली, वर पाय टाकला, आणि पाऊल पाण्यात बुडालं.

सगळी आळी काठोकाठ भरली होती. पलीकडच्या कडेला याकोब पॅन्ट दुमडून बसला होता. बूट बाजूला.

"बस गेली?" तिनं विचारलं.

"गेली."

"आन सामान?"

"त्याहीचं त्याहीनं उचललं."

जयवंताला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "साहेबाले काय सांगतलं?"

"तिचा धर्म तिच्यापाशी, माहा माह्यापाशी." तो उठून उभा राहिला. "हे तुले तवाच सांगाले पाह्यजे होतं, जयवंता. मले... मले तुह्यासंग राह्यचं हाय. ठेवशीन का?"

"आधी बापाले विचार. मिस्त्री हाय तो, कच्ची वीट हातात घेत नाई." मग हळूच म्हणाली, "मी सांगन त्याले... पक्की हाय म्हणून."

आज दोघांचेही केस पांढरे झालेत. तो स्लॅब अजून एक थेंब गळत नाही. रविवारी प्रार्थना आटोपून याकोब घरी येतो, तेव्हा जयवंता दारात भरला गडवा घेऊन उभी असते. पाजायला की अंगावर ओतायला, हे त्याला अजूनही ओळखता येत नाही.