लायगेज न घातलेली नळी

१९९४च्या फेब्रुवारीतला बुधवार. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या घरात सिपोराबाई बोईट मासे साफ करत होत्या. डेबोरा डबा भरत होती.

"कंपनीत दिवसभर करतेस काय गो?"

"डीएनएचे तुकडे कापते आणि जोडते, आई."

"व्हय? तिकडं जोड, नि हितलं तोडून हैफाला जा. नथानियल तीन वर्षं लग्नाला बोलावतोय. मी काय बांधून ठेवलंय तुला?"

डेबोराने डब्याचं झाकण आपटलं.

गुरुवारी आई उठलीच नाही.

दफनाआधी, पेणहून आलेल्या सारामावशीने ज्यू रिवाजाप्रमाणे डेबोराच्या ड्रेसचा गळा डावीकडे कात्रीने कापला. "आईसाठी घेतलेला छेद कधी शिवायचा नाय गो." सात दिवस तोच ड्रेस अंगावर राहिला. मग डेबोराने तो खुंटीला लावला, नथानियलला होकार कळवला आणि रोह्याला कामावर गेली.

तिने डीएनएच्या तुकड्यांच्या तीन नळ्या लावल्या. तिसरीत लायगेज घातलं नाही. तुकड्यांची टोकं सांधतं ते हेच. ते नसलं की तुकडे सुटे राहायला हवेत. रात्रभर नळ्या सोळा अंशांच्या पाण्यात होत्या. सकाळी तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या जेलवर पाहिलं, तर तिसरीतले तुकडे जोडलेले. बाकी दोन्हींपेक्षा जास्त.

"पिपेटची तीच टिप परत वापरलीस, तिचं लायगेज लागलं बघ," शेजारच्या टेबलावरचा निलेश म्हणाला. "लक्ष कुठाय तुझं?"

तिने टिपा बदलल्या, पाणी बदललं. पुन्हा तेच. मग मुद्दाम न जुळणाऱ्या टोकांचे तुकडे घातले. लायगेज घालूनही जे जुळले नसते, ते जोडले गेले.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी खुंटीवरच्या ड्रेसचा छेद मिटलेला दिसला.

"मावशी, तू शिवलास?"

"मी? येडी का काय तू!"

टाका कुठेच नव्हता. कापड सलग होतं, आणि कोमट.

सूर्यास्ताला शब्बाथ लागून कामं बंद व्हायच्या आत तिने ते पुन्हा कापलं.

शनिवारी सकाळी कापड सलग होतं. तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटंही. नखांपर्यंत एकच कातडी. ओढून पाहिली, तर दुखलं नाही. जन्मापासूनची असावीत तशी.

विमान मंगळवारी होतं. रविवारी तिने बॅग भरली. चप्पल घालायला वाकली, तर पायाची बोटं वेगळी होईनात.

मावशीला हाक मारायला तिने तोंड उघडलं.

डावा कोपरा उघडला नाही.

मग ओठ थोडे आणखी मिटले. सावकाश. घाई कसलीच नव्हती.

कात्रीने तुटलं नाही ते तोडायला, उरलेल्या फटीतून ती मोठ्याने म्हणाली, "आई, तू गेलीस तेव्हा मला बरं वाटलं."