धरून ठेवलेली खाट

भुतांनी रात्रपाळीच करावी असा काही नियम नाही. ही गोष्ट दिवसपाळीची आहे, लख्ख उन्हातली, आणि तिची सुरुवात होते ती ओवा कुटण्यापासून.

दोन हजार तीन सालचा तो शनिवार. सुवर्णा सिस्टरने सकाळी खलबत्त्यात ओवा आणि पादेलोण कुटलं आणि नवऱ्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवलं.

"चावून खा आणि वर कोमट पाणी घ्या. काल मिसळीवर तुटून पडलात ना, आता भोगा."

महेश छाती चोळत हसला. सातपूरच्या एका कारखान्यात तो फिटर होता. शनिवार त्याच्या सुट्टीचा, म्हणून दर शनिवारी दुपारी तो तिला स्कूटरवर घ्यायला यायचा.

"येतो गं दुपारी. तोवर जळजळ थांबेल."

सुवर्णाने दाढेखाली लवंग धरली, पर्स उचलली आणि निघाली. ड्यूटीवर तिच्या तोंडात कायम लवंग असे. निफाडच्या तिच्या आईची ती सवय तिने तशीच उचलली होती.

तिचं सगळं लक्ष त्या दिवशी नव्या वॉर्डात होतं. सरकारी दवाखान्यातली तिची ही चौथी बदली. एक्क्याण्णव साली ती बाळंतपणाच्या वॉर्डात लागली. तिथे हात बसतो न बसतो तोच पुरुषांच्या सर्जिकलला गेली, मग जळीत विभाग, मग लहान मुलं आणि आता हृदयविभाग. नर्सचं हे असंच असतं. दर बदलीला माणूस पुन्हा पहिलीत जाऊन बसतो. बाळाची नाळ डोळे मिटून कापणारी बाई प्लॅस्टरपुढे बावळट ठरते. बाकीच्या जणी बदलीच्या नावाने बोटं मोडायच्या. सुवर्णाला मात्र बदली आवडायची. नवं काही हाती लागलं की ती लहान मुलीसारखी खुलायची.

आणि खरं सांगायचं तर, ती कुठल्याही वॉर्डात एकटी नसायची.

बाळंतपणाच्या वॉर्डात चंद्रभागा मावशी होती. पेठकडची आयाबाई, हाडं तेवढी उरलेली, हिरव्या काठाचं लुगडं, अंगाला कायम ओव्याच्या धुरीचा वास. त्या वॉर्डात खाटा कमी आणि बाया फार, एकेका खाटेवर दोघी दोघी. पण मधूनच मावशी एखादी खाट रिकामी ठेवायची. चादरीच्या पायथ्याकडच्या कोपऱ्यात चिमूटभर ओवा बांधून गाठ मारायची, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी.

"कोणासाठी धरलीय मावशी?" सुवर्णा विचारायची.

"येतीया ना बाय. वाटंत हाय."

आणि थोड्या वेळाने खरोखरच सुरगाण्याकडून जीप यायची. आत अडलेली, अर्धमेली झालेली एखादी पोर. तिला टाकायला त्या गर्दीत एकच खाट रिकामी असायची. मावशीला हे कसं कळतं, ते कोणी विचारलं नाही. खाट उपयोगी पडत होती, तेवढं पुरे होतं.

मावशी गेली तेव्हा सुवर्णा सर्जिकलला होती. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सर्जिकलच्या एका रिकाम्या खाटेवर तिला गाठ दिसली. धोब्याने गठ्ठा बांधला असेल, असं म्हणून तिने ती सोडली आणि खाट हर्नियाच्या एका पेशंटला दिली. तासाभरात हायवेवरच्या अपघातातला ड्रायव्हर आला. त्याला जमिनीवर सतरंजीवर झोपवावं लागलं. तो वाचला, पण त्या दिवशी सुवर्णाच्या बोटांना सुटलेला ओव्याचा वास साबणाने जाईना. त्यानंतर कुठल्याच वॉर्डात तिने गाठ सोडली नाही. भीती वाटायची का? पहिल्या पहिल्यांदा वाटली. पुढे मात्र नव्या वॉर्डात गाठ दिसली की तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं.

त्या शनिवारी हृदयविभागात एकच खाट रिकामी होती, भिंतीलगतच्या खाटेच्या शेजारची. आणि तिच्या पायथ्याशी गाठ होती.

सुवर्णाला बरंच वाटलं. इथे येऊन तिला आठवडा झाला होता. पडद्यावरच्या हिरव्या रेषा तिला अजून नीट वाचता येत नव्हत्या, वॉर्डातल्या तरुण नर्स पोरी तिला शिकवत होत्या. आलीस ना मावशी, ती मनात म्हणाली.

एवढ्यात इन्चार्ज नसीम सिस्टर आल्या. मालेगावच्या, शिस्तीच्या कडक, पण मनाने मऊ.

"सुवर्णा, ती खाट तयार कर. वरून फोन आलाय, कोणाचे तरी सासरे तपासणीला येतायत."

"सिस्टर, ती... धरलेली आहे."

"कोणासाठी?"

"माहीत नाही. पण कोणीतरी येतंय."

नसीम सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं. "हे बघ, तू नवी आहेस इथे. उद्या मला कोणी विचारलं, तर तुला परत मुलांच्या वॉर्डात पाठवण्यावाचून मला इलाज नाही. समजलं?"

"समजलं. ड्यूटी संपेपर्यंत राहू द्या. कोणी नाही आलं तर बोलणी मी खाईन."

मग त्यांनी गाठीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चंद्रभागा मावशीच्या वॉर्डात, अशाच गाठीच्या खाटेवर, माझी पहिली लेक झाली... ठीक आहे. सासऱ्यांना जनरलला बसवते. त्यांना झालंय काय म्हणा."

दुपार चढत गेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत पंखे घुमत होते, यंत्रांची टिकटिक चालू होती. प्रत्येक स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज आला की सुवर्णा दाराकडे बघायची. स्ट्रेचर पुढे निघून जायचं. पोरी एकमेकींना कोपरं मारू लागल्या. ड्यूटी संपत आली तरी खाट रिकामीच. आणि वॉर्डात ओव्याचा वास दाटत चालला होता, आता तर औषधांच्या वासावर चढलेला.

शेवटी तिने खाटेशी वाकून गाठीचं तोंड बोटाने किंचित उघडलं आणि नाकाशी नेलं. ओवा, नेहमीचाच. पण त्याच्याखाली आणखी एक वास होता, उग्र, कुजकट, ओळखीचा. मावशीचा ओवा तर नेहमी नुसता असायचा...

पादेलोण.

सकाळचा तळहात तिला दिसला. छाती चोळणारा हात दिसला. सगळ्या शहराच्या छातीवर हात ठेवून बघणारी ती, आणि घरातल्या माणसाला तिने ओवा चारून बसवलं होतं!

ती पळत सुटली. जिन्यावरून, केसपेपरच्या रांगेतून, चप्पल एका पायातली कुठे गेली ते कळलंही नाही. सायकल स्टँडजवळच्या बाकावर महेश बसला होता. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, ओठ राखाडी.

"अगं, जरा... सोडा मिळाला असता तर..."

"बोलू नका. अजिबात उठू नका."

"ॲसिडिटीच आहे गं..."

"अहो, गप्प बसा म्हणते ना!" ती रडत ओरडली आणि दारातल्या वॉर्डबॉयकडे वळली. "मामा, स्ट्रेचर आणा! लवकर!"

पुढचं सगळं झरझर झालं. खाट तयार होती, यंत्र जोडलेलं होतं, डॉक्टर वॉर्डातच होते. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन वेळेत गेलं. डॉक्टर म्हणाले, खाट शोधण्यात वेळ गेला असता तर अवघड होतं. नसीम सिस्टरनी सुवर्णाच्या डोक्यावरून हात फिरवला. कोपरं मारणाऱ्या पोरींनी तिच्यासाठी चहा आणला.

चार-पाच दिवसांत महेशच्या चेहऱ्यावर रंग आला आणि त्याने मिसळीची चौकशी केली. सुवर्णाने डोळे वटारले, आणि मग इतक्या दिवसांचं साठलेलं हसू तिला आवरेना. सुख म्हणतात ते एवढंच असतं, तिला वाटलं.

"अगं, ती म्हातारी मावशी नाही दिसली परत," महेश म्हणाला.

"कोण मावशी?"

"बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली होती ती. हिरव्या काठाचं लुगडं. मी उठून घरी निघालो होतो, तिनेच हाताला धरून बसवलं. म्हणाली, बस बाबा, वर तुझी खाट धरलीय, ती येईल तुला न्यायला."

सुवर्णाने हातातली वाटी खाली ठेवली. "अजून... काही म्हणाली?"

"हो, तुझ्यासाठी निरोप आहे. सुवर्णीची बी धरलीय म्हणावं, भिंतीकडची. पण घाई नाय, तवर बाकीच्यांनी वापरली तरी चालंल." तो हसला. "तुमच्या खात्यातलं काही असेल म्हणून मी विचारलं नाही. कसली गं खाट?"

"बदलीचं असेल काहीतरी," सुवर्णा म्हणाली.

महेश झोपल्यावर ती भिंतीकडच्या खाटेशी गेली. तिथला पेशंट सकाळीच बरा होऊन घरी गेला होता. पायथ्याच्या कोपऱ्यात गाठ होती, पण मावशीच्या नेहमीच्या गाठीसारखी घट्ट नाही, सैलशी. तिने ती नाकाशी नेली. ओवा, आणि लवंग.

त्यानंतर सुवर्णा सिस्टर डायलिसिसला गेली, मग डोळ्यांच्या विभागात. तिथेही ती नव्याने शिकली, तिथेही रमली. महेश चालायला जातो, मिसळ महिन्यातून एकदा, तीही तर्रीशिवाय. दर वॉर्डात भिंतीकडच्या खाटेवर पेशंट येतात, बरे होऊन जातात, चादरी धुवायला जातात, आणि सकाळी तो कोपरा बांधलेला असतो. सुवर्णा सोडत नाही. मेट्रनला आवडतो तसा कोपरा गाठीसकट गादीखाली नीट खोचते, "घाई नाय ना मावशी?" असं पुटपुटते आणि पुढच्या पेशंटकडे वळते.

परवा मात्र खोचताना तिचा हात थांबला. इतकी वर्षं सैल असणारी गाठ जरा आवळलेली होती.