विश्रामदादाचा कावळा

घरात लोखंड असलं की भूत उंबरा ओलांडत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे.

मानपाड्याच्या गोपीनाथकडे ट्रॅक्टरचे जुने पाने होते, एकूण तीनशे बारा. तरी भूत आलं, आणि त्याने पानाच मागितला.

थट्टा नाही. खरं घडलंय. गेल्या मार्गशीर्षात, शुक्रवारी, भर दुपारी.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. बाजूच्या कारखान्यांची घरघर बंद. शेडमध्ये आवाज फक्त गोपीनाथच्या तारेच्या ब्रशचा. समोर विटांवर चढवलेला, चाकं नसलेला ट्रॅक्टर. शेतं टॉवरखाली गेली, हा तेवढा राहिला.

गंजाखालचा नुसता आकडा वाचून पाना कुठल्या ट्रॅक्टरचा, हे गोपीनाथ सांगायचा. त्या दुपारी टिटवाळ्याच्या भंगारवाल्याकडचा एक घासलेटात बुडवून घासत होता.

आकडा नव्हताच. चोचीसारखं तोंड. दांड्यावर छिन्नीने कोरलेला 'वि'...

त्याचा हात थांबला.

हाच तो. छत्तीस वर्षं गोपीनाथ हाच पाना शोधत होता. बाकीचे तीनशे अकरा, हा सापडेना म्हणून जमलेले.

थोरला भाऊ विश्राम प्रत्येक पान्याला नाव ठेवायचा. हा कावळा. त्यांच्या बोलीत, कावला. छत्तीस वर्षांपूर्वी एके दिवशी ह्याच ट्रॅक्टरखालून त्याचा हात बाहेर आला. "गोप्या, कावला दे." कावळा जागेवर नव्हता. गोपीनाथ शोधायला घरात गेला.

तेवढ्यात जॅक सरकला.

विश्रामच्या दहाव्याला खाडीवर पिंडाला कावळा शिवेना. सगळ्यांनी हात जोडून वचनं दिली. पोरांना शिकवू. जमीन विकणार नाही. (हे म्हणणारे काका आता अकराव्या मजल्यावर राहतात.) शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

मयताला कुठला कावळा हवाय, हे एकट्या गोपीनाथला कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो भंगारवाले धुंडाळू लागला.

"अवो, जेवाला येता का लोखंडच चावता?" घरातून बायको, ठमाबाई, ओरडली.

"आलो गं!"

त्याने ब्रश खाली ठेवला.

खर्र... खर्र...

घासण्याचा आवाज चालूच होता. ट्रॅक्टरखालून.

मग तोही थांबला.

"गोप्या... कावला दे."

गोपीनाथने वाकून पाहिलं नाही. पाना देणारा पाहत नसतो. हाक आली की हात पुढे करायचा, लहानपणापासूनची सवय. त्याने हात खाली घातला...

तळहातावरचं वजन गेलं.

कर्र... कर्र... कर्र... नट आवळला जात होता.

"दादा," गोपीनाथ म्हणाला, "उशीर झाला रे. पन दिला ना? आता जा."

आवाज बंद. विटांमधून काळं, ताजं ऑइल ओघळत आलं. इंजिन तर कधीच विकलेलं.

त्याने धीर करून वाकून पाहिलं.

खाली कुणी नव्हतं. पानाही नव्हता.

तो कसाबसा दारापर्यंत पोचला. तेवढ्यात मागून, अगदी निवांत आवाजात...

"झाला काम, गोप्या. ठमाला चाय ठेवाला सांग. साकर कमी."