न काढलेली आठवण

स्मरणकक्षातून शिवराम कुंभोजकर बाहेर आले ते हिरमुसल्या तोंडानं. सत्तरी ओलांडलेला हा माणूस दुर्बिणींचे आरसे घासण्यात असा तरबेज, की कंपनीला त्यांना सोडवत नव्हतं. पगारवाढीला असली माणसं बधत नाहीत, म्हणून कंपनीनं हा कक्ष काढला. पाळी संपली की तिथं बसायचं, लहरयंत्र डोक्याला लावायचं, की मनातली हवी ती आठवण डोळ्यांसमोर जिवंत! मग कुठला म्हातारा राजीनामा देतोय? शिवरामांना तिथं रोज त्यांची बायको भेटायची. शालन जाऊन कैक वर्षं झाली होती, तरी रोज.

"डॉक्टर, यंत्र बिघडलंय तुमचं," ते मृणाल देवस्थळींना म्हणाले. कक्ष त्यांनीच बनवला होता. "रंकाळ्यावरची संध्याकाळ मागितली, तर शालन आली कारखान्याचा पांढरा डगला घालून! अहो, तिनं कारखान्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं."

मृणालनी यंत्राची नोंद चाळली. "बिघाड नाही, काका. आठवण बाहेर काढली की ती ओल्या पापडासारखी होते. परत सुकेपर्यंत भोवतालचं सगळं तिला चिकटतं. तुमची पायपीट वाचावी म्हणून आम्ही कक्ष कारखान्यातच बांधला. तिथंच चुकलं आमचं."

"मग मूळची आणा परत."

"मूळची वेगळी कुठं नसते. तीच बदलते."

शिवराम एकेक आठवण मोजू लागले. लग्न, रंकाळा, लेकीचं बारसं, जे जे गोड ते सगळं त्यांनी रोज काढून नासवलं होतं. "म्हणजे माझी शालन संपली?"

"जी आठवण तुम्ही कधीच काढली नाही, ती शाबूत असेल. पण तीही एकदाच. तिला यंत्र लागणार नाही, मन घट्ट करावं लागेल."

अशी एकच होती. शेवटच्या आजारातली, खंगलेली, चिडचिडी शालन. त्या दिवसांकडे ते फिरकलेच नव्हते. कोण फिरकेल?

संचालकांनी खूप आर्जवं केली, अर्धी पाळी करा म्हणाले. शिवरामांनी ऐकलं नाही. ते कुडाळला लेकीकडे गेले. चिकटायचंच, तर तिच्या लेकीचं घर चिकटू दे!

वैजू भाकऱ्या थापत होती. शिवराम स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले, डोळे मिटले आणि त्या खाटेपाशी पोचले. त्यांनी शालनच्या कपाळावर हात ठेवला. तिनं झिडकारला.

"काढा तो हात! कारखान्याचा वास येतो त्याला. कधीतरी नुसते बसा की हो माझ्यापाशी."

शिवरामांना हुंदका आला. हीच ती! किती आसुसले होते ते या आवाजासाठी. आणि हा वास काही यंत्रानं चिकटवलेला नव्हता, तो त्यांनीच रोज घरी नेला होता. त्या दिवशी हात धुऊन ते पाळीला निघून गेले होते.

आता तिच्यापाशी बसलं, तर हीही आठवण बदलणार. खरी म्हणावी अशी शालन मग कुठंच उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बाबा, जेवायला वाढू?" वैजूनं विचारलं.

"थोडं थांब गं," शिवराम म्हणाले, आणि डोळे न उघडता तिच्या आईपाशी बसून राहिले.