बांधात पुरलेला दात

वात थोडी वर कर, आणि हसू नकोस. भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे मी. पोरांच्या पाट्यांवरून अक्षर शिकले, तेव्हाही गाव हसला होता. हसू दे.

जनीचं बाळ माझ्याच हातांत जन्मलं, दोन दात घेऊन; मी गावची सुईण. एक घट्ट, एक डुगडुगता. असं पोर मामाच्या जिवावर उठतं म्हणे, म्हणून तिचा भाऊ धाकू उंबऱ्याबाहेरच उभा.

"तुझ्या हाडांनी त्याचं पोट भरायचं नाय रे!" मी म्हटलं, आणि कोलशेतहून होडीने मायलेकरांना ठाण्याला नेलं.

डॉक्टरसाहेबांनी हिरडीवरून बोट फिरवलं. डुगडुगता दात श्वासनळीत जाईल म्हणून अलगद काढला. घट्ट होता तो राहू दिला. बाळ तिथंच आईला लुचलं. जनी रडली.

दात मी चिंधीत बांधून आणला. धाकूने तो हिसकावला. "मिठागराच्या बांधात गाडतो, मावशे. खारात काय उगवत नाय."

संध्याकाळपासून बाळ दूध घेईना. छातीशी धरलं की मान फिरवी... खाडीकडे. ओठ खारट लागत. दुसऱ्या दिवशी टाळू खोल गेली, रडणंही आटलं.

"मावशे, माझं पोर जातंय गो..."

धाकूला बखोटीला धरून मी भरदुपारी बांधावर नेलं. "उकर!"

"नाय... चुटूचुटू वाजतंय तिथं."

"ओहोटीचा चिखल वाजतो, भित्र्या!"

पण चिखल तर वाळून पांढरा पडला होता. वाजत होतं एकाच जागी, बोटभर भोकात. आणि वास दुधाचा... धाकू मागे सरला. मी बोट घातलं. आत ऊब होती. ओलं, मऊ... आणि बोट आत ओढलं गेलं. चावलं नाही कुणी. चोखलं. उपाशी लेकरू चोखतं तसं, घाईघाईने.

ते थांबेपर्यंत मी बोट काढलं नाही. थांबलं, तेव्हा नखाला टेकून दात वर आला.

घरी जनी दारातच. "मावशे, मगाशी झोपेत चोखत होता... तोंडात काय नसताना." मी दात उशाशी ठेवला, बाळ दूध प्यायलं.

पोर मोठं झालं. धाकूही म्हातारा होऊनच गेला. पण हे माझं बोट बघ. दर ओहोटीला अजून होतं हे; आत्ता लागली असेल. हात नको लावूस... नुसतं बघ, टोक कसं आत ओढलं जातंय.